फोडलेली ढेकळं

आमच्या चर्चचा सेक्रेटरी मला वॉचमन म्हणतो. मी वॉचमन नाही. वॉचमन खुर्चीवर बसतो. मी सकाळी चर्चची दारं उघडतो, बाकांवरची कबुतरांची घाण खरवडतो, गीतपुस्तकं जागेवर लावतो, प्रभुभोजनाचे प्याले धुतो, रविवारी घंटा वाजवतो, आणि मंडळीत कोणी मेलं की मागच्या सिमेट्रीत कबर खोदतो. माझ्या बापानेही हेच केलं. एवढं करून त्या माणसाच्या तोंडी मी वॉचमन, आणि तेही चारचौघांत, आवाज चढवून.

मी मुळातच तिरसट माणूस. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला संत समजायला नको. कबर खोदणारा शांत, गंभीर आणि देवाच्या जवळचा असतो अशी लोकांची समजूत असते. मला तर लोक आवडतच नाहीत. म्हातारा जिवंत असताना त्याला पाणीही न विचारणारे आणि मेल्यावर त्याच्या कबरेवर हारांचा ढीग रचणारे मला आवडत नाहीत. वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण वर्ष झालं की गेटवर फ्लेक्स लावतात, त्यावर मेलेल्यापेक्षा जिवंतांचेच फोटो जास्त असतात. तो फ्लेक्स फाटून नालीत पडला की उचलायचा मी. प्लास्टिकची फुलं उन्हात विटून पांढरी पडली की गोळा करून जाळायची मी.

आता तर माती देणं सुरू असताना मोबाईल वर धरून परदेशातल्या नातेवाइकांना दाखवतात. एकदा अशाच वेळी सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "तू मागं हो ना गा. लाइव्हमध्ये येऊन राहिला." कबर मी खोदलेली, शवपेटी खाली सोडायचा दोर माझ्या हातात, आणि मीच लाइव्हमध्ये नको. मी दोर शेजारच्याच्या हातात दिला आणि चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. पेटी एका बाजूने कलली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जागचा हललो नाही.

आमच्या सिमेट्रीतली माती काळी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ढेकळं अशी वाळतात की सब्बल मारली तर ती लोखंडी पहारच उडते. पावसाळ्यात तीच माती फावड्याला धरून बसते, सोडत नाही. आमच्यात पेटी खाली गेली की घरचे लोक एकेक मूठ माती टाकतात. या मातीचं ढेकूळ लाकडावर पडलं की कोणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज होतो. धडधाकट माणसं तो आवाज ऐकून मटकन खाली बसताना मी पाहिली आहेत. म्हणून माझ्या बापाची एक रीत होती. खोदून झालं की एक घमेलं माती वेगळी घ्यायची, त्यातली ढेकळं हाताने फोडायची, खडे आणि मुळ्या वेचायच्या, आणि मऊ झालेल्या मातीचं ते घमेलं घरच्यांपुढे ठेवायचं. हे करायला त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. कोणाच्या लक्षातही येत नाही. मीही तसंच करत आलो.

माझी मुलगी शाळेत असताना हे काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. आल्या आल्या दप्तर एखाद्या कबरेच्या कट्ट्यावर टाकायची आणि घमेल्याशी बसायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, ढेकूळ मेलेल्याले लागते का जी?"

मी म्हणालो, "मेलेल्याले काही लागत नाही वं. जित्या माणसाले लागते."

तिची आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती. घरच्या माणसाने कबर खोदू नये असं आमच्यात म्हणतात, म्हणून खोदायला बाहेरची माणसं आणली होती. मी नुसता उभा होतो. घमेलं मात्र तिने कोणालाच दिलं नाही. गुडघ्यावर बसून सगळी माती स्वतः फोडली.

पुढे ती मिहानमध्ये एका कंपनीत लागली. तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. मुलगा मौद्याकडच्या एका गावचा, हिंदू, शेतकऱ्याच्या घरचा. माझी ना होती आणि त्यांच्या घरचीही ना होती. एवढ्या एकाच गोष्टीवर दोन्ही घरांचं पटलं. त्या दोघांनी कोर्टात जाऊन लग्न केलं.

त्यानंतर मुलाचा बाप चर्चच्या आवारातल्या आमच्या क्वार्टरवर आला. आत आला नाही. गेटजवळ गाडी उभी करून तिथूनच बोलायला लागला, "तुमच्या पोरीनं आमच्या पोराले नादी लावलं."

"तुमच्या पोराले अक्कल नव्हती का?"

"खड्डे खोदणाऱ्याची पोरगी सून करून आणली म्हणतात गावात. कोणाले तोंड दाखवू मी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो, "तुम्ही माणसाले जाळून मोकळे होता! तुमाले खड्ड्याची काय किंमत?" त्याने गाडीला किक मारली आणि गेला. त्या दिवसापासून व्याही म्हणून मी त्याचं तोंड पाहिलं नाही, आणि त्याने माझं.

मुलीशीही मी बोलणं टाकलं. पण ते माझ्या घरातलं होतं. सेक्रेटरीने काय केलं? पुढच्या रविवारी उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये, वाढदिवस आणि महिला मंडळाची सभा यांच्या मधोमध, माइकवरून वाचून दाखवलं की मंडळीबाहेर विवाह केल्यामुळे अमुक यांच्या मुलीचं सभासदत्व रद्द करण्यात येत आहे. त्या उपासनेची घंटा मीच वाजवली होती. सगळ्या माना वळल्या. मी शेवटच्या बाकाजवळ खराट्यासारखा उभा होतो. मी माझ्या पोरीला बोलीन नाहीतर टाकीन, पण ते माइकवरून सांगायचा अधिकार याला कोणी दिला?

राग किती दिवस धरणार? एका दुपारी ती पोट घेऊन दारात आली आणि काही न बोलता खाटेवर बसली. मी चहा ठेवला. "साखर कमी टाका," ती म्हणाली, आणि आमचं बोलणं सुरू झालं. दोघं सक्करदऱ्याला भाड्याने राहत होते. मग मी अधूनमधून जायला लागलो. जावई बोलका नव्हता, पण वाईटही नव्हता. त्याच्या बापाचा विषय मी काढू देत नसे.

माझी नात जन्मली ती दिवस भरायच्या आधीच. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. माझ्या पंजावर मावली असती एवढी. एवढंसं तोंड, पण हुबेहूब माझ्या बायकोचं. डॉक्टर काही धड सांगत नव्हते. मुलगी म्हणाली, "बाबा, पास्टर साहेबाले आणा. बाप्तिस्मा करून घेऊ." जावयाने मान हलवली. मी धावत पास्टर साहेबांकडे गेलो. नवीन माणूस, बदली होऊन आलेला. ते म्हणाले, "कमिटीला विचारावं लागेल." कमिटी म्हणजे सेक्रेटरी. एका लेकराच्या कपाळाला चार थेंब पाणी लावायला कमिटी लागते हे मला त्या दिवशी कळलं. कमिटीला विचारून होईपर्यंत, दुसऱ्या दिवशी सकाळी, माझी नात गेली.

आता तिला ठेवायचं कुठे? माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. सिमेट्रीत जागा मिळाली नाही तर ते लोक तिला जाळणार. त्या एवढुशा अंगावर लाकडं रचणार. मी तसाच सेक्रेटरीच्या घरी गेलो. तो बनियनवर व्हरांड्यात बसून पेपर वाचत होता. मी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते. त्या सकाळी जोडले.

"साहेब, नवीन जागा मागत नाही. तिच्या आजीची कबर उघडतो अन् तिच्या कुशीत ठेवतो. सगळं मीच करतो. कोणाले हातबी लावा लागत नाही."

"तुले मालूम आहे ना गा," तो म्हणाला, "आई सभासद नाही. लेकराचा बाप्तिस्मा नाही. आज तुले हो म्हटलं तं उद्या कोणीबी येईल."

"मी कोणीबी आहे का साहेब?"

"तसं नाही. पण नियम तं नियम आहे."

"जाळतील हो ते लोक तिले!"

"तो त्यांच्या घरचा मामला आहे," असं म्हणून त्याने पेपरचं पान उलटलं.

ते पान उलटणं मी विसरलो नाही. विसरणारही नाही. मेल्यावर देवाने विचारलं तरी मी तेच सांगीन. ज्या सिमेट्रीत त्याचे आई-बाप माझ्या हातांनी गेले, त्यांच्यासाठी ज्या हातांनी ढेकळं फोडली, तेच हात जोडून मी उभा होतो आणि हा माणूस पेपर वाचत होता.

गेटची किल्ली माझ्याकडे होती. सब्बल माझी, फावडं माझं. दुपारच्या उन्हात तिकडे कुत्रंही फिरकत नाही. कबर उघडून, ठेवून, वर दगड सारखे करून टाकले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी दवाखान्यात जाऊन मुलीला तसं सांगितलं. ती खाटेवर पडून छताकडे बघत होती. मूल गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नव्हतं.

"चोरून नको बाबा," ती म्हणाली. "माझी पोरगी काय चोरीचा माल आहे?"

तिचं बरोबर होतं.

तेवढ्यात जावई बाहेरून आला. "बाबांचा फोन होता," तो म्हणाला. "गावाले आणा म्हणतात."

"लाकडं रचून बसले असतील," मी म्हणालो. रात्र रात्र जागलेला पोरगा, माझ्याशी भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. मी क्वार्टरवर गेलो आणि सब्बल अन् फावडं आणून त्याने मागवलेल्या गाडीत टाकलं. वेळ आली तर भंडारा रोडच्या कडेला कुठेही पुरीन, व्याह्याशी हाणामारी करीन, पण लाकडावर ठेवू देणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. नात माझ्या मांडीवर होती, दवाखान्याच्या कापडात गुंडाळलेली. मांडीला वजन म्हणून लागत नव्हतं. भांडायला काय काय शब्द वापरायचे ते मी रस्ताभर जुळवत होतो.

मे महिना होता. शेतं उघडी पडली होती, भेगाळलेली. लांब वीज कारखान्याच्या चिमण्या दिसत होत्या. व्याही धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या बोरीच्या झाडाजवळ एकटाच उभा होता, खांद्यावर दुपट्टा टाकून. मी उतरलो आणि चारी बाजूला नजर फिरवली. लाकडं कुठेच नव्हती.

"लाकडं कुठं ठेवली?" मी विचारलं.

"कायची लाकडं?"

"जाळाले."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला आईवरून शिवी दिली. "लहान लेकराले कोणी जाळते का जी? ज्याले दात नाही आले त्याले आमच्यात मातीच देतात. तुमाले हे बी मालूम नाही?"

नव्हतं मालूम. सगळा जन्म मातीत गेला आणि मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. म्हणजे सकाळी मी त्या माणसापुढे हात जोडले ते फुकट. तो "जाळतील" हा शब्द मी तोंडातून काढला, एका बनियनवाल्यापुढे रडवेला झालो, तेही फुकट. आणि जो मला डोळ्यांसमोरही नको होता तो इकडे माझ्या नातीसाठी आधीच खड्डा करून बसला होता.

खड्डा मात्र बघण्यासारखा नव्हता. मी म्हणालो, "हा खड्डा आहे का? कुत्रं उकरून काढन."

"खडे मीठ आणलं आहे. वरून बोरीचे काटे टाकतो."

"काटे टाकून काय होते? हटा तिकडं."

तो हटला. घरच्या माणसाने खोदायचं नसतं, पण मी खोदलं. बायकोच्या वेळी हात बांधून उभा राहिलो होतो, आता राहवलं नाही. सब्बल मारली की हाताला झिणझिण्या येत होत्या. घाम डोळ्यांत जात होता, आणि मी सेक्रेटरीला, पास्टरला, कमिटीला, व्याह्याला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. खाली ओल लागली तेव्हा थांबलो, बाजू सारख्या केल्या आणि वर आलो. सवयीने हात घमेल्यासाठी वळला. घमेलं नव्हतं. सब्बल आणली, फावडं आणलं, भांडणाचे शब्द आणले, आणि घमेलं विसरलो.

वळून बघतो तर व्याही उकिडवा बसला होता. मी बाहेर काढलेल्या मातीतलं एकेक ढेकूळ घेऊन तो मुठीत दाबत होता, दोन्ही तळव्यांत चोळत होता, खडे वेचून मागे टाकत होता. मऊ माती त्याने जमिनीवर पसरलेल्या दुपट्ट्यात जमा केली होती. बराच वेळ चाललं असावं. दुपट्टा भरत आला होता.

"हे काय करून राहिले?" मी खेकसलो.

त्याने वर बघितलं नाही. "पेटी नाही ना जी. नुसती फडक्यात आहे पोरगी. ढेकूळ लागन ना तिले."

मेलेल्याला काही लागत नाही, हे मी त्याला सांगू शकलो असतो. माझा तो धंदाच आहे. मी त्याच्यासमोर बसलो आणि एक ढेकूळ उचललं.

दुपट्टा भरला. जावयाने दवाखान्याचं कापड काढलं आणि त्याच्या आईने पाठवलेल्या जुन्या, मऊ लुगड्याच्या तुकड्यात लेकराला गुंडाळलं. मी खाली उतरून हात वर केले. व्याही म्हणाला, "तुमच्यात डोकं कोणीकडं करतात?"

"पश्चिमेले. म्हणजे तोंड पूर्वेले राहते. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, तेव्हा प्रभू तिकडून..."

"मग तसंच ठेवा," तो म्हणाला.

त्याचं शेत, त्याचा धुरा, त्याचं गाव, ज्या गावात त्याला माझ्यामुळे तोंड दाखवायची चोरी होती. आणि तो म्हणतो, तसंच ठेवा. मला त्याचाही रागच आला. ज्याच्यावर डूख धरून इतके दिवस काढले त्याने असं वागावं म्हणजे माणसाने करायचं काय? मी नातीला पश्चिमेकडे डोकं करून ठेवलं, वर आलो आणि प्रभूची प्रार्थना म्हटली. तो हात जोडून उभा राहिला. मग त्याने मीठ टाकलं आणि आम्ही तिघांनी दुपट्ट्यातली माती मुठी-मुठीने सोडली. कसलाच आवाज झाला नाही. शेवटी काटे लावताना तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "हा तुकडा आता नांगरत नाही." मी "बरं" म्हणालो. आमचं दोघांचं त्या दिवशीचं बोलणं एवढंच.

परतताना गाडीत सेक्रेटरीचा फोन आला. मंडळीतली एक म्हातारी बाई गेली होती. "उद्या सकाळी कबर पाहिजे. अन् तू कुठं फिरून राहिला? गेटले कुलूप आहे."

सकाळी मी त्याच्या व्हरांड्यात उभा होतो, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. मी म्हणालो, "कबर खोदतो साहेब. म्हातारीशी माझं भांडण नाही. तुमच्याशी आहे, अन् ते मरेपर्यंत आहे." आणि फोन बंद केला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलगी जागीच होती, तशीच कोरड्या डोळ्यांनी. जावई तिच्या पायाशी बसला. मी स्टूल ओढलं. ती सिमेट्रीत वाढलेली पोरगी. इतर बायका विचारतात तसं तिने काही विचारलं नाही.

"खोल खोदलं?"

"ओल लागेपर्यंत."

"डोकं पश्चिमेले?"

"हो."

"घमेलं नेलं होतं?"

"नाही. विसरलो."

तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना. "मग ढेकळं बाबा? तशीच टाकली?"

"नाही. फोडली. सगळी फोडली."

"तुम्ही?"

हो म्हणालो असतो तर चाललं असतं. शेवटची काही मीही फोडली होती. त्या माणसाचं नाव तोंडावर आणायचं माझ्या फार जिवावर आलं होतं. "तुझ्या सासऱ्यानं," मी म्हणालो. "मी खोदून राहिलो होतो, तेव्हा. दुपट्टाभर."

ती उठून बसली. "त्यायले कोणी सांगतलं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो, आणि तेव्हा कुठे ती रडली.